जॉन केनेडीच्या गुडघ्यानंतरची वर्षे

स्कॉटलंडचा बचावपटू जॉन केनेडी याची गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ती बहुधा 31 मार्च 2004 या तारखेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर रुमानियाविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना, वीस वर्षांच्या मुलाचे राष्ट्रीय संघातले पदार्पण, पहिल्या वीसेक मिनिटांतच चेंडू हिसकावण्यासाठी रुमानियाच्या इओन गानेयाने केलेला, गुडघ्यावर आदळलेला टॅकल आणि मग स्ट्रेचर. तो सामना स्कॉटलंड 1-2 असा हरला, पण तो निकाल आज क्वचितच कोणाला आठवत असेल. केनेडीला राष्ट्रीय संघाचा पोशाख पुन्हा कधीही घालता आला नाही, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. मला या लेखात त्यानंतरच्या वर्षांविषयी लिहायचे आहे, कारण गोव्यात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती वर्षे बारकाईने पाहायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

आधी त्या दुखापतीने काय हिरावून नेले, हे सांगणे आवश्यक आहे. केनेडी सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबमध्येच घडलेला खेळाडू. 2000 साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी तो पहिल्या संघातून खेळला होता. नियमित जागा मिळायला मात्र 2003-04 चा हंगाम उजाडावा लागला. त्या हंगामात व्यवस्थापक (तिथे मुख्य प्रशिक्षकाला असे म्हणतात) मार्टिन ओ'नील यांच्या सेल्टिकची युरोपातल्या क्लबांच्या यूएफा चषकात, दोन सामन्यांच्या फेरीत, बार्सिलोनाशी गाठ पडली. ग्लासगोतला पहिला सामना ॲलन थॉम्पसनच्या गोलवर सेल्टिकने 1-0 असा जिंकला आणि 25 मार्च रोजी कॅम्प नूवर दुसरा सामना होता. सेल्टिकचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक रॅब डग्लस याला आधीच्या सामन्यात लाल कार्ड मिळाले असल्यामुळे गोलजाळ्यासमोर डेव्हिड मार्शल हा एकोणीस वर्षांचा पोरगा उभा होता आणि त्याच्या पुढे बचावाच्या मध्यभागी वीस वर्षांचा केनेडी. समोर रोनाल्डिन्यो आणि झावी यांचा बार्सिलोना. नव्वद मिनिटे त्या मैदानावर चेंडू बहुतांश वेळ बार्सिलोनाच्याच पायांत होता, तरी गोल झाला नाही, सामना 0-0 सुटला आणि सेल्टिक पुढच्या फेरीत गेला. हे गुरुवारी घडले. रुमानियाविरुद्धचा सामना पुढच्या बुधवारी होता. म्हणजे कारकिर्दीतली सर्वांत मोठी रात्र आणि तिच्यावर घाला घालणारी रात्र यांत पुरता एक आठवडाही गेला नाही.

गुडघ्याची दुखापत म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे मैदानावर रोज वावरणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार मुख्य लिगामेंट एकत्र धरून ठेवतात. त्यांतले दोन गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जातात आणि दोन बाजूंना असतात. आतल्या दोहोंपैकी पुढचे, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, नडगी पुढे सरकू देत नाही आणि धावता धावता वळताना गुडघ्याला स्थिर ठेवते. ते पूर्ण तुटले की आपोआप जुळून येत नाही. खेळाडूला परतायचे असेल तर सामान्यतः त्याच्याच शरीरातला स्नायूचा दोरा काढून नवे लिगामेंट बसवावे लागते आणि त्यानंतर किमान नऊ महिने चिकाटीने व्यायाम करावा लागतो. हे एका लिगामेंटचे झाले. केनेडीच्या गुडघ्यात एकाच आघाताने एकाहून अधिक लिगामेंट गेली होती, आणि अशा आघातात हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेलाही इजा होते. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती एकदा झिजली की पुन्हा पूर्वीसारखी भरून येत नाही. लिगामेंट बदलता येते, परंतु धावताना आणि उडी मारून उतरताना बसणारा भार झेलणारा पृष्ठभाग गेला, की खेळाडूचे दिवस मोजके उरतात. दुखापतीतून परतलेले अनेक खेळाडू दोन-तीन वर्षांनी पुन्हा का थांबतात, याचे कारण बहुधा इथे असते, आणि लोक मात्र 'मनाने खचला' असे म्हणून मोकळे होतात.

केनेडी परतला, पण जवळजवळ तीन वर्षांनी. व्यवस्थापक गॉर्डन स्ट्रॅकन यांच्या काळात त्याने सेल्टिकसाठी पुन्हा काही सामने खेळले. 2008-09 मध्ये तो इंग्लंडच्या नॉर्विच सिटीकडे उसनवारीवर गेला, आणि त्या हंगामाअखेर नॉर्विचचीच खालच्या श्रेणीत घसरण झाली. नोव्हेंबर 2009 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय सव्वीस. मध्यवर्ती बचावपटू साधारणतः सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढेच पिकतो, असे फुटबॉलमध्ये मानले जाते, कारण त्या जागेवर वेगापेक्षा अंदाज आणि अनुभव अधिक लागतो. केनेडीला ते वय खेळाडू म्हणून लाभलेच नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. निवृत्तीनंतर सेल्टिकने केनेडीला क्लबातच ठेवून घेतले आणि त्याला जे काम दिले ते दिसायला लहान होते: स्काउट म्हणून सामने पाहण्याचे. आपल्याकडे माजी खेळाडूला सन्मानाने एखादे नावापुरते पद देतात, सत्कार करतात, शाल-श्रीफळ देतात आणि विसरतात. स्काउटचे काम तसे शोभेचे नसते. तो गर्दीत बसून चेंडूकडे न पाहता चेंडूपासून लांब असलेल्या खेळाडूंकडे पाहतो. प्रतिस्पर्ध्याचा डावा बचावपटू पुढे गेल्यावर त्याची रिकामी जागा कोण भरतो, कॉर्नरच्या वेळी कोणाचा माणूस सुटतो, आघाडी मिळाल्यावर संघ दहा पावले मागे सरकतो की तसाच उभा राहतो, गोलरक्षक दबावाखाली चेंडू कुठल्या पायाने मारतो, हे सगळे टिपून ठेवावे लागते आणि मग खेळाडूंना समजेल अशा मोजक्या शब्दांत मांडावे लागते. दहा गोष्टी पाहून त्यांतल्या दोनच सांगायच्या, कारण मैदानावर उतरणारा मुलगा दोनच लक्षात ठेवू शकतो.

मला हे काम प्रशिक्षकाच्या घडणीत फार मोलाचे वाटते. ज्याचा गुडघा विसाव्या वर्षी गेला आणि ज्याला तीन वर्षे आपलाच संघ बाहेरून पाहावा लागला, त्याची नजर सामना पाहण्याला आधीच सरावलेली असते. खेळणाऱ्याला मैदान आपल्या जागेवरून दिसते, तर बाहेर बसलेल्याला अकराही जागा दिसतात. या सक्तीच्या पाहण्याला कामाचे रूप मिळाले, तर ते शिक्षण ठरते, आणि मिळाले नाही, तर तेच पाहणे जीव खाते. केनेडीच्या बाबतीत ते काम निवृत्तीपाठोपाठ हाती आले, ही त्याच्या पुढच्या सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

त्यानंतर तो क्लबच्या युवा संघांना शिकवू लागला, आणि 2014 मध्ये रॉनी डायला व्यवस्थापक असताना पहिल्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात आला. निवृत्तीपासून तिथपर्यंत पोहोचायला त्याला जवळपास पाच वर्षे लागली, हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे नावाजलेल्या खेळाडूने थेट मुख्य प्रशिक्षक व्हावे, अशी अपेक्षा असते. पुढे 2016 मध्ये ब्रेंडन रॉजर्स आले, आणि 2016-17 मध्ये सेल्टिकने देशातल्या तिन्ही स्पर्धा एकही सामना न गमावता जिंकल्या. 2019 मध्ये रॉजर्स गेले, नील लेनन आले, केनेडी सहायक व्यवस्थापक झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये लेनन यांनी राजीनामा दिला तेव्हा हंगाम संपेपर्यंत संघाची धुरा केनेडीकडे आली. तो काळ अवघड होता. सलग दहावे विजेतेपद मिळवण्याचे सेल्टिकचे स्वप्न ग्लासगोतल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबने धुळीस मिळवले होते, मैदाने महासाथीमुळे रिकामी होती आणि चाहत्यांचा संताप पराकोटीला पोहोचला होता. रेंजर्सशी मार्चमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली, तर एप्रिलमध्ये स्कॉटिश चषकात त्यांच्याकडूनच 2-0 असा पराभव पदरी पडला. त्या उन्हाळ्यात मुख्य पद ऑस्ट्रेलियाच्या अँजे पोस्टेकोग्लू यांना मिळाले.

सामान्यतः नवा व्यवस्थापक आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्यांना निरोप देतो. पोस्टेकोग्लू एकटेच आले आणि त्यांनी केनेडीला सहायक म्हणून कायम ठेवले. 2022-23 मध्ये त्यांच्या हाताखाली सेल्टिकने पुन्हा तिन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि 2023 मध्ये रॉजर्स परतले तेव्हाही केनेडी त्याच जागेवर होता. डायला, रॉजर्स, लेनन, पोस्टेकोग्लू या चौघांच्या खेळाच्या कल्पना एकमेकांपासून खूप वेगळ्या. त्या प्रत्येकाला जो माणूस हवासा वाटला, त्याच्याकडे गतकाळाबद्दलच्या सहानुभूतीपेक्षा पुष्कळ अधिक काही असले पाहिजे. वर्तमानपत्रांतून त्याचे नाव निघते तेव्हा मात्र अजूनही आधी त्या टॅकलचा उल्लेख येतो, याचे मला वाईट वाटते.

स्कॉटलंडमध्ये ही वाट केनेडीच्या आधीही मळलेली होती. क्रेग ब्राउन हे 1962 मध्ये स्कॉटिश लीग जिंकणाऱ्या डंडी संघात होते, परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे त्यांचे खेळणे लवकर थांबले. त्यांनी शाळेत आणि महाविद्यालयात शिकवले, क्लाइड या छोट्या क्लबला जवळजवळ दशकभर सांभाळले, आणि 1993 मध्ये ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक झाले. 10 जून 1998 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद दे फ्रान्सवर विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना ब्राझील विरुद्ध स्कॉटलंड असा झाला, तेव्हा स्कॉटलंडच्या बाकावर ब्राउन बसले होते. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला वरिष्ठ संघाचा आंतरराष्ट्रीय सामना कधी आला नव्हता. शिक्षकाचा पेशा आणि प्रशिक्षकाचा पेशा यांत स्कॉटलंडने फार अंतर मानले नाही, याचा हा पुरावा आहे.

स्कॉटलंडमधून आलेल्या प्रशिक्षकाचे काम आपण गोव्यात फातोर्ड्यालाही पाहिले आहे. 14 मार्च 2020 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला, त्यात चेन्नईयिनचे प्रशिक्षक ओवेन कॉइल होते आणि त्यांचा संघ एटीकेकडून 3-1 असा हरला. दोन वर्षांनी, सगळी स्पर्धा गोव्यातच खेळवली गेली त्या हंगामात, याच मैदानावर कॉइल यांच्या जमशेदपूरने साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारे लीग शील्ड जिंकले. कॉइल यांची खेळाडू म्हणून कारकीर्द चांगली लांबलचक झाली होती, त्यामुळे त्यांची तुलना केनेडीशी करता येणार नाही. परंतु पेझलीत जन्मलेल्या माणसाचा संघ कशा शिस्तीत दबाव टाकतो, हे आपण घरच्या मैदानावर पाहिले, म्हणून उल्लेख केला.

आपल्याकडे प्रशिक्षक घडत नाहीत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. डेरिक परेरा यांनी महिंद्रा युनायटेडला 2005-06 चे राष्ट्रीय लीग जिंकून दिले. क्लिफर्ड मिरांडा यांनी 2020 मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून एफसी गोवाला लीग शील्डपर्यंत नेले आणि 2023 मध्ये ओडिशाला सुपर कप मिळवून दिला. हे तिघेही गोमंतकीय मातीतले आणि आपल्याच क्लबांमध्ये वाढलेले. परंतु अशी वाट ज्यांना सापडते ते बहुधा आधीच नावारूपाला आलेले असतात. माझी काळजी बाविसाव्या वर्षी गुडघा जाणाऱ्या, ज्याचे नाव त्याच्या वाड्याबाहेर कोणी ऐकलेले नाही, अशा मुलाविषयी आहे. 2016 मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा खेळाडूंच्या जागा कमी झाल्याची चर्चा भरपूर झाली. त्याबरोबर सहायक प्रशिक्षक, फिजिओ, निरीक्षक यांच्याही जागा गेल्या, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आमच्या गावातल्या एका मुलाचे उदाहरण देतो. फोंडा तालुक्यातल्या गावागावांत जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत सामने चालतात, आणि कापणी झालेल्या शेतात, तापून कडक झालेल्या खडबडीत जमिनीवर, मुले जीव तोडून खेळतात. हा मुलगा स्टॉपर, म्हणजे मध्यवर्ती बचावपटू, म्हणून खेळायचा आणि चांगला खेळायचा. कोणी धक्का दिला नव्हता, वळताना बूट जमिनीत अडकला आणि गुडघा फिरला. एसीएलच्या पुष्कळ दुखापती अशाच, कोणाचा स्पर्शही न होता होतात. ज्या क्लबसाठी तो खेळत होता, त्याने पहिल्या आठवड्यात विचारपूस केली आणि त्यानंतर फोन बंद झाला. वर्गणी काढून शस्त्रक्रिया झाली, व्यायाम मात्र अर्धवट राहिला, कारण फिजिओकडे जाण्यासाठी दर वेळी बस बदलून पणजी गाठावी लागत असे आणि घरच्यांनी नोकरीचा तगादा लावला होता.

तो आज एका शाळेच्या मैदानावर तेरा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी शिकवतो. मी त्याला शिकवताना पाहिले आहे. बचावपटूने समोरून येणाऱ्यापुढे छाती पूर्ण समोर करून उभे राहू नये, हे तो सांगत होता. त्याने एका मुलाचे दोन्ही खांदे धरून त्याला थोडे तिरके वळवले, पुढचे पाऊल बाहेरच्या रेषेकडे आणि मागचे गोलच्या दिशेने ठेवायला लावले, गुडघे किंचित वाकवायला सांगितले. मग दुसऱ्या मुलाला चेंडू घेऊन धावत यायला सांगून तो पहिल्या मुलाला इतकेच म्हणाला, "पाय घालू नकोस. त्याला बाहेर ने." तीन वेळा चेंडू घेऊन आलेला मुलगा निसटला, चौथ्या वेळी तो साइडलाइनकडे ढकलला गेला आणि चेंडू बाहेर गेला. स्वतः धावून दाखवणे त्याला जमत नाही. पण त्यामुळेच तो मुलांना जागेवर उभे करून, हाताने धरून, तपशिलाने शिकवतो, आणि धावून दाखवणाऱ्या कित्येक प्रशिक्षकांच्या शिकवण्यात हा तपशील नसतो.

त्याने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना मिळवला, तोही ओळखीच्या एका शिक्षकाने माहिती दिली म्हणून. त्याच्यावरचा सी परवाना मिळवायचा तर आणखी पैसे, आणखी दिवस आणि कामावरून रजा लागते. या टप्प्यावर एखाद्या क्लबने त्याला हाताशी धरले असते, तर त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढला असता. सेल्टिकने केनेडीसाठी केले ते खर्चिक नव्हते. महिन्याचे माफक वेतन, सामने पाहण्याचे काम, आणि मग कुमारांचा एक संघ. गोव्यातल्या प्रो-लीगमधल्या कुठल्याही क्लबला, किंबहुना एखाद्या मोठ्या गावच्या क्लबलाही, यातले पहिले पाऊल उचलणे शक्य आहे.

माझी विनंती त्यामुळे अगदी ठोस आहे. ज्या खेळाडूला आपल्या संघाकडून खेळताना गंभीर दुखापत झाली, त्याला त्या हंगामाच्या यादीतून काढू नये. त्याला वही द्यावी आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने पाहायला धुळेरच्या मैदानावर, वास्कोच्या टिळक मैदानावर, जिथे जिथे सामना असेल तिथे पाठवावे. येण्याजाण्याचे भाडे आणि चहापाण्याचा खर्च द्यावा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला संघासमोर दहा मिनिटे बोलायला लावावे. व्यायामाच्या नऊ-दहा महिन्यांत तो मैदानाशी जोडलेला राहील. गुडघा सावरला तर खेळायला परतेल, नाही सावरला तर डी परवान्याच्या अभ्यासक्रमाचे शुल्क क्लबने भरावे आणि चौदा वर्षांखालच्या संघाची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी.

येत्या पावसाळ्यानंतर नव्या हंगामाच्या नोंदण्या सुरू होतील. आमच्या गावच्या क्लबच्या बैठकीत मी हा प्रस्ताव लेखी मांडणार आहे, आणि त्या शाळेच्या मैदानावर शिकवणाऱ्या मुलाचे नाव सामना-निरीक्षक म्हणून सुचवणार आहे. इतर गावांतल्या क्लबांशी संबंधित कोणी हे वाचत असेल, तर त्यांनीही आपापल्या बैठकीत हा विषय घ्यावा.